कारण आणि दोष : स्त्रियांच्या विरळ होणाऱ्या केसांविषयी

दुःख वाट्याला आले की माणूस 'असे का झाले' असे विचारतो. हा प्रश्न वरवर एकच वाटला, तरी त्यात दोन प्रश्न मिसळलेले असतात : हे कशामुळे घडले, हा एक, आणि यात कोणाचे काय चुकले, हा दुसरा. पहिला प्रश्न कारणाचा आहे, दुसरा दोषाचा. दर्शनांनी आणि वैद्यकाने हे दोन प्रश्न वेगळे ठेवण्याचा प्रयत्न पुष्कळदा केला असला, तरी व्यवहारात कारण कळण्याआधीच दोष ठरून गेलेला असतो. स्त्रियांच्या डोक्यावरील केस वर्षानुवर्षे हळूहळू विरळ होत जाण्याचा जो विकार आहे, त्यात ही सरमिसळ विशेष स्पष्ट दिसते; कारण त्वचेबाहेर आलेला केस हा देहाचा निर्जीव भाग असूनही, स्त्रीच्या बाबतीत धर्माने, रूढीने आणि सौंदर्यकल्पनेने त्याला असंख्य अर्थ चिकटवले आहेत.

बारामती आणि इंदापूर या पुणे जिल्ह्यातील शेजारच्या तालुक्यांच्या संदर्भात हा प्रश्न तपासणे उपयुक्त ठरते, कारण या दोन्ही प्रश्नांची भाषा तेथे शेजारीशेजारी नांदत आलेली आहे. कऱ्हाकाठच्या बारामतीत श्रीधरस्वामींनी शके १६४० मध्ये 'शिवलीलामृत' पूर्ण केले, आणि घरोघरी वाचल्या जाणाऱ्या या ग्रंथातील सीमंतिनीचे आख्यान स्त्रीचे सौभाग्य तिच्या सोमवारच्या व्रताशी जोडते. पुढे याच गावी मोरोपंतांनी (१७२९–१७९४) आपली काव्यरचना केली. इंदापूर तालुक्यात नीरा आणि भीमा यांच्या संगमावर अनेक मराठी कुळांचे कुलदैवत असलेला नरसिंह आहे, आणि आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, काटेवाडी, बेलवाडी, निमगाव केतकी या वाटेने इंदापुरात येते. दुसऱ्या बाजूने नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस, माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगर येथील साखर कारखाने, बारामतीचे कृषी विज्ञान केंद्र आणि २०१९ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे कार्यकारणाची, मोजमापाची आणि चाचणीची भाषाही या भागाला परकी राहिलेली नाही. ज्या घरात मातीची तपासणी करून खताची मात्रा ठरते, त्याच घरात सुनेचा भांग रुंदावू लागला की उपासात काय चुकले, कोणाची दृष्ट लागली, कोणते तेल बदलले, अशी चौकशी सुरू होऊ शकते.

या चौकशीला दीर्घ परंपरा आहे. हिंदू आचारात केस हे व्यक्तीची सामाजिक आणि धार्मिक अवस्था सांगणारे चिन्ह राहिले आहे. बालकाचे जावळ कुलदैवतापाशी काढले जाते, सुवासिनीच्या वेणीत फुले माळली जातात, संन्यासी मुंडन करतो आणि शिव जटाधारी असतो. परंतु पुरुषाच्या बाबतीत केस राखणे किंवा काढणे हा बहुधा त्याचा संकल्प मानला जातो, तर स्त्रीच्या बाबतीत ते तिच्याविषयीचे विधान ठरते. ब्राह्मण आणि काही अन्य जातींत विधवेचे केशवपन, म्हणजे सक्तीने केलेले मुंडन, हे या विधानाचे सर्वांत क्रूर रूप होते. पतीच्या मृत्यूचे कारण रोग असो वा अपघात, त्याचा दोष पत्नीच्या डोक्यावर दृश्य स्वरूपात कोरला जात असे. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील न्हाव्यांनी सभा घेऊन हे काम न करण्याचा निर्धार केला, तेव्हा त्यांनी नाकारले ते केवळ एक काम नव्हते. कोणाच्याही मृत्यूचा दोष स्त्रीच्या केसांवर लिहिण्याची प्रथाच त्यांनी नाकारली. जट ही याच विचाराची दुसरी बाजू होय. केस दीर्घकाळ न विंचरल्याने, मळ आणि तेल साचल्याने त्यांचा सुटू न शकणारा गुंता होतो. त्याला यल्लम्मादेवीचे बोलावणे मानून मुलींना देवीला सोडण्याची रूढी महाराष्ट्र-कर्नाटकात होती, आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते आजही स्त्रियांना समजावून अशा जटा कापत असतात. केस नसले तरी अर्थ, गुंतले तरी अर्थ, अशा या व्यवस्थेत नैसर्गिकरीत्या विरळ होणाऱ्या केसांना अर्थावाचून राहू दिले जाईल, ही अपेक्षाच व्यर्थ होती.

याहून विलक्षण गोष्ट अशी की हा विकार स्त्रियांना होतच नाही, असे प्राचीन शास्त्र सांगत होते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांमध्ये केस जाण्याचे वर्णन येते : केशमुळांशी गेलेले पित्त वातासह केस गाळते आणि मग कफ रक्तासह ती रोमरंध्रे बुजवतो, त्यामुळे तेथे नवे केस उगवत नाहीत. स्त्रीला मात्र खालित्य, म्हणजे टक्कल, होत नाही, कारण दर महिन्याच्या रजःस्रावाने तिचे दूषित रक्त निघून जाते आणि ती सुकुमार असून तिला श्रम नसतात, असे मत माधवनिदानाच्या टीकापरंपरेत विदेह या आचार्याच्या नावावर सांगितले जाते. ग्रीक परंपरेतही, प्राण्यांच्या उत्पत्तीविषयीच्या आपल्या ग्रंथात, ॲरिस्टॉटलने मुले, स्त्रिया आणि षंढ यांना टक्कल पडत नाही असे म्हटले. दोन्ही निरीक्षणांत तथ्याचा अंश आहे, कारण पुरुषांसारखे गुळगुळीत टक्कल स्त्रीला क्वचितच पडते. परंतु 'पुरुषासारखे होत नाही' या निरीक्षणावरून 'होतच नाही' हा सिद्धान्त काढणे ही तर्काची चूक होती. तिचा परिणाम केवळ ग्रंथापुरता राहत नाही, कारण जो रोग शास्त्रात नाही त्याची रोगी अपवाद ठरते, आणि अपवादाचे स्पष्टीकरण शरीरात न सापडल्यास लोक ते आचरणात शोधतात.

आधुनिक वैद्यकाने हा विकार कसा ओळखला, हे थोडे तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. माणसाच्या डोक्यावर साधारण १ लाख केस असतात आणि प्रत्येक केस आपल्या केशकूपातून, म्हणजे त्वचेतील सूक्ष्म पिशवीतून, स्वतंत्र चक्राने वाढतो. वाढीची अवस्था २ ते ६ वर्षे चालते, त्यानंतर काही आठवड्यांचा संक्रमणकाळ आणि सुमारे ३ महिन्यांची विश्रांती येते, व विश्रांतीनंतर जुना केस गळून त्याच जागी नवा उगवतो. त्यामुळे रोज ५० ते १०० केस गळणे हे आरोग्याचेच लक्षण आहे. डॉक्टर ज्याला फीमेल पॅटर्न हेअर लॉस म्हणतात, त्या आकृतिबंधी केशविरलतेत केस नुसते गळत नाहीत. प्रत्येक चक्रात वाढीची अवस्था आखूड होते, केशकूप लहान होतो आणि त्यातून येणारा केस आधीच्यापेक्षा बारीक, तोकडा व फिका असतो. केशकूपाच्या या आक्रसण्यामुळे डोक्याच्या मध्यभागी भांग रुंदावतो, टाळू दिसू लागते, परंतु कपाळालगतची केसांची रेषा बहुधा शाबूत राहते. १९७७ मध्ये एरिख लुडविग यांनी स्त्रियांतील या विरळतेच्या तीन पायऱ्या वर्णिल्या, आणि आजही त्यांचा आधार घेतला जातो.

कारणाचा शोध मात्र वाटला तितका सरळ निघाला नाही. १९४२ मध्ये जेम्स हॅमिल्टन यांनी वृषण काढलेल्या पुरुषांच्या अभ्यासावरून दाखवले की पुरुषांच्या टकलासाठी पुरुषी संप्रेरके आवश्यक असतात. हा शोध लागल्यावर स्त्रियांतील विकारही त्याचेच सौम्य रूप असावे असे गृहीत धरले गेले. न्यायदर्शनाची परीक्षापद्धती येथे उपयोगी पडते. कारण असता कार्य असणे हा अन्वय, आणि कारण नसता कार्य नसणे हा व्यतिरेक. दोन्ही जुळले तरच कार्यकारणसंबंध पक्का होतो. स्त्रियांच्या बाबतीत अन्वय अर्धवट जुळतो, कारण ज्यांच्या रक्तात पुरुषी संप्रेरके वाढलेली असतात, उदाहरणार्थ अंडाशयाच्या पीसीओएस या विकारात, त्यांच्यापैकी अनेकींचे केस विरळ होतात. परंतु केस विरळ झालेल्या बहुसंख्य स्त्रियांची संप्रेरके तपासणीत सामान्यच आढळतात. पुरुषी संप्रेरकाला जिचे शरीर जन्मतःच प्रतिसाद देत नाही अशा स्त्रीतही हा आकृतिबंध नोंदवला गेला असल्याने व्यतिरेकही मोडतो. म्हणूनच तज्ज्ञांनी संप्रेरकाचे नाव रोगाच्या नावातून गाळून केवळ आकृतिबंधाचे नाव ठेवणे पसंत केले. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, पण तो अनेक जनुकांचा असून आई आणि वडील या दोन्ही बाजूंनी येऊ शकतो; वय वाढते तसा आणि विशेषतः रजोनिवृत्तीनंतर हा विकार अधिक ठळक होतो.

न्यायदर्शनातील तीन कारणांचा विचार केल्यास हे चित्र अधिक सुबोध होते. वस्त्राचे समवायी कारण तंतू, म्हणजे ज्यात कार्य राहते ते द्रव्य. असमवायी कारण त्या तंतूंचा संयोग, म्हणजे त्या द्रव्यात राहणारा गुण. आणि निमित्त कारण विणकर व माग. केशविरलतेत समवायी कारणाच्या जागी केशकूप, असमवायी कारणाच्या जागी त्या केशकूपांची वंशपरंपरेने आलेली संवेदनशीलता, आणि निमित्ताच्या जागी वय, संप्रेरके, प्रसूती, रक्तक्षय यांसारखे घटक ठेवता येतात. या मांडणीचे खरे महत्त्व साम्यापेक्षा भेदात आहे. वस्त्राच्या निमित्तांत विणकर नावाचा कर्ता असतो, ज्याने ठरवून काम केले आणि ज्याला जाब विचारता येतो. केशविरलतेच्या निमित्तांत असा कर्ता कोठेच नाही. प्रत्येक कार्यामागे कर्ता शोधण्याची मनाची सवय येथे रिकामी जागा पाहते, आणि त्या जागी ज्या स्त्रीचे केस गेले तिलाच बसवते. कारणातून दोष निर्माण होतो तो याच क्षणी.

निदान करणारा डॉक्टर ही जागा रिकामीच ठेवतो आणि वेगळे प्रश्न विचारतो. पहिला प्रश्न असतो की केस तुटतात, गळतात की विरळ होतात. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यावर सर्व दोष टाकण्याची प्रवृत्ती कालव्याखालच्या खारवट जमिनींच्या पट्ट्यात समजण्यासारखी आहे. जड पाण्याने केस राठ होऊ शकतात आणि राठ केस मधूनच तुटतात, परंतु भांग रुंदावण्याची प्रक्रिया त्वचेखालच्या केशकूपात घडते आणि धुण्याच्या पाण्याने ती सुरू होत नाही. दुसरा प्रश्न काळाचा असतो. तीव्र ताप, प्रसूती, शस्त्रक्रिया किंवा कडक उपासमार यांनंतर दोन-तीन महिन्यांनी पुंजक्यांनी केस गळतात, कारण त्या धक्क्याने असंख्य केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत गेलेले असतात. ही गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते. एका जागी गोल चकती पडल्यास ती चाई असते, आणि जेथे त्वचाच गुळगुळीत होऊन रोमरंध्रे नाहीशी झाली असतील तेथे व्रण राहणाऱ्या विकारांचा विचार त्वरेने करावा लागतो. तिसरा प्रश्न कामाचा आणि केशरचनेचा असतो : घट्ट अंबाडा, जड गंगावन, ताणून घातलेली वेणी यांनी केसांच्या मुळांवर ओढ बसते, तसेच दर गळीत हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतून कारखान्यांच्या परिसरात येणाऱ्या ज्या ऊसतोड स्त्रिया डोक्यावर मोळ्या वाहतात, त्यांच्या माथ्यावरची विरळता पाहताना घर्षण आणि दाब यांची चौकशी केल्याखेरीज आकृतिबंधी विकाराचा शिक्का मारणे योग्य ठरत नाही.

त्यानंतर प्रत्यक्ष तपासणी येते. डॉक्टर ५० ते ६० केसांची बट बोटांत धरून हळूच ओढतात. त्यातले दहा टक्क्यांहून अधिक केस हातात आले तर सक्रिय गळती चालू आहे असे समजतात, आणि आकृतिबंधी विरळतेत ही चाचणी बऱ्याचदा सामान्य येते. डर्मोस्कोप नावाच्या प्रकाशयुक्त भिंगाखाली जाड आणि बारीक केस शेजारीशेजारी मिसळलेले दिसणे ही या विकाराची महत्त्वाची खूण होय. शंका उरल्यास त्वचेचा काही मिलिमीटरचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. रक्तातील हिमोग्लोबिन, शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन आणि थायरॉइडची चाचणी बहुधा केली जाते. पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर राठ केस येत असतील किंवा मुरमे वाढली असतील, तर पुरुषी संप्रेरकेही तपासतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता, हे लक्षात घेतल्यास लोहाची तपासणी ही येथे औपचारिकता राहत नाही. घरात सर्वांनंतर जेवणारी, उपवास सर्वांहून अधिक करणारी आणि बाळंतपणांत लोह खर्च झालेली स्त्री जेव्हा केसांसाठी नवा उपवास धरते, तेव्हा दोषाचा प्रश्न कारणालाच बळ देतो.

जानेवारी २०२५ मध्ये बुलडाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्याच्या काही गावांत स्त्री-पुरुष-मुलांचे केस काही दिवसांत झपाट्याने गळले, तेव्हा भीती, अफवा आणि सामाजिक दुरावा यांना ऊत आला, आणि डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियम या मूलद्रव्याच्या अतिरेकाकडे लक्ष वेधले. तो विकार वेगळा, अचानक आणि सामूहिक होता. आकृतिबंधी विरळता मंद आणि एकट्या व्यक्तीची असते. या भेदाचा नैतिक परिणाम महत्त्वाचा आहे, कारण गावच्या गाव आजारी पडल्यावर लोक अन्नपाणी तपासायला लावतात, पण एकटी स्त्री आजारी पडल्यावर तिलाच तपासतात.

नवस, तेले आणि लेप गुणकारी वाटण्याचे रहस्यही काळाच्या चक्रातच आहे. ताप किंवा प्रसूतीनंतरची गळती जेव्हा आपोआप ओसरणार असते, नेमक्या त्याच सुमारास घाबरलेली स्त्री उपाय सुरू करते आणि सुधारणेचे श्रेय त्या उपायाला मिळते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, अशा या योगाला शास्त्रकार काकतालीय न्याय म्हणतात. हाच उपाय आकृतिबंधी विरळतेवर निष्फळ ठरला की उपायाला कोणी खोटे म्हणत नाही, श्रद्धा कमी पडली असे म्हटले जाते, आणि दोष पुन्हा स्त्रीकडे येतो. जो सिद्धान्त यशाचे श्रेय घेतो पण अपयशाची जबाबदारी रोग्यावर टाकतो, त्याची परीक्षा कधीच होऊ शकत नाही.

यावर असा आक्षेप येऊ शकतो की कर्मसिद्धान्त मानणाऱ्याला दोष नाकारता येणार नाही, कारण प्रत्येक भोग पूर्वकर्माचे फळ असतो. परंतु परंपरेचे श्रेष्ठ विचारक इतके सरळधोपट नव्हते. चरकसंहितेच्या विमानस्थानात आत्रेय हे अग्निवेशाला दैव आणि पुरुषकार, म्हणजे पूर्वकर्म आणि या जन्मीचा प्रयत्न, या दोहोंचे बलाबल समजावतात, आणि सर्व काही आधीच निश्चित असते तर औषधाला अर्थच उरला नसता असे दाखवतात. बौद्ध वाङ्मयातील सीवकसुत्तात बुद्धांनी वेदनेची आठ मुळे सांगितली आहेत : पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतुपालट, विषम आचरण, आघात आणि कर्म, आणि प्रत्येक वेदना पूर्वकर्मानेच येते असे म्हणणारे अनुभवाच्या पलीकडे जातात, असा निर्वाळा दिला आहे. कर्मसिद्धान्त स्वीकारला तरी तो स्वतःच्या आचाराला लावण्याचे तत्त्व ठरतो. दुसऱ्याच्या डोक्याकडे पाहून तिच्या मागील जन्माचा निवाडा करण्याचा अधिकार तो कोणालाही देत नाही.

दुसरा आक्षेप वैराग्याच्या बाजूने येतो : देह नाशिवंत असताना केसांसाठी शोक करणे ही आसक्ती होय. हा उपदेश बहुधा ज्यांना दुसऱ्याच्या केसांचे दुःख ऐकायचे नसते त्यांच्याकडून होतो, आणि तो करणारा समाजच लग्नाच्या बाजारात वेणीची लांबी पाहत असतो. तुकाराम महाराजांच्या एका अभंगात देहाची निंदा आणि स्तुती शेजारीशेजारी येते आणि निष्कर्ष असा निघतो की देहाचे लाड करू नयेत, त्याला दुःखही देऊ नये आणि त्याचा त्यागही करू नये. केसांविषयी याहून संतुलित भूमिका सापडणे कठीण आहे, कारण तीत उपचाराला जागा आहे आणि वेडाला नाही. बारामतीच्या मोरोपंतांची 'केकावली' तर देवापुढे केलेल्या आर्जवांचीच रचना आहे; ज्या परंपरेत देवापुढे गाऱ्हाणे मांडणे ही भक्ती ठरते, तेथे एका स्त्रीने आपल्या विरळ होणाऱ्या केसांचे गाऱ्हाणे मांडणे हा अधःपात ठरू शकत नाही.

म्हणून निष्कर्ष असा की स्त्रीच्या केशविरलतेला कारणे अनेक असली तरी दोष कोणाचाच नाही, आणि हा भेद पाळणे हे वैद्यकाइतकेच धर्माचेही कर्तव्य आहे. उपचारांच्या मर्यादा स्पष्ट आहेत : अमेरिकेत १९९१ पासून स्त्रियांसाठी मान्य असलेले मिनॉक्सिडिल हे लावण्याचे औषध परिणाम दाखवायला किमान काही महिने घेते, बंद केल्यास लाभ ओसरतो, आणि गर्भारपणी ते टाळावे लागते; शिवाय आक्रसलेला केशकूप पूर्ववत होण्यापेक्षा शिल्लक असलेला टिकवणे सोपे असते. त्यामुळे भांग रुंदावतो आहे असे जाणवताच त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे, हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइडची तपासणी करून घ्यावी, निदान होण्याआधी तेलांवर व उपवासांवर पैसा आणि रक्त खर्च करू नये, आणि घरातील इतरांनी 'तुझे काय चुकले' हा प्रश्न विचारणे थांबवून दवाखान्यात तिच्यासोबत जावे.